शेवटच्या क्रमांकावरून स्टॅन्ली कपपर्यंत: सेंट लुईस ब्लूजचा 2018-19चा हंगाम

3 जानेवारी 2019च्या सकाळी उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीच्या नॅशनल हॉकी लीगच्या म्हणजे एनएचएलच्या गुणतालिकेत 31 संघांमध्ये सेंट लुईस ब्लूज शेवटचा होता. 37 सामने, 15 विजय, 18 पराभव, जादा वेळेतले 4 पराभव, एकूण 34 गुण. 12 जून 2019च्या रात्री बोस्टनच्या टीडी गार्डनमध्ये याच संघाने लीगच्या विजेत्याचा स्टॅन्ली कप उचलला. 1967मध्ये लीगमध्ये आल्यापासूनचा हा त्यांचा पहिला कप. मध्ये 160 दिवस गेले होते.

बहुतेक ठिकाणी ही गोष्ट चमत्कार म्हणून सांगितली जाते. प्रशिक्षक बदलला, कुणाला फारसा ठाऊक नसलेला गोलरक्षक आला आणि संघ जिंकत सुटला. तारखा आणि आकडे शेजारी शेजारी मांडले की चित्र वेगळं दिसतं. नवा प्रशिक्षक आल्यावरही पहिले 18 सामने निकाल होते तसेच राहिले. गोलरक्षकाने मोठा फरक पाडला, पण सगळा नाही. कप जिंकणारा संघ मुळात जुलै 2018मध्येच बांधून झाला होता, आणि हिवाळ्यात सगळे बोंबलत असताना तो मोडला नाही हा आमच्या मते त्या हंगामातला सर्वांत मोठा निर्णय.

आधी लीगचं गणित

तेव्हा नियमित हंगामात प्रत्येक संघ 82 सामने खेळायचा. विजयाला 2 गुण. 60 मिनिटांत बरोबरी झाली तर 5 मिनिटं तीन विरुद्ध तीन असा जादा वेळ, तरीही सुटलं नाही तर शूटआउट, म्हणजे एकेका खेळाडूने एकट्याने गोलरक्षकावर जाणं. तिथे हरणाऱ्यालाही 1 गुण मिळतो, म्हणून संघाची नोंद तीन आकड्यांची असते. 15-18-4 म्हणजे 15 विजय, 18 साधे पराभव आणि 4 जादा वेळेतले किंवा शूटआउटमधले पराभव. 16 संघ बाद फेरीत जातात. तिथे प्रत्येक मालिका सात सामन्यांची, चार जिंकणारा पुढे. कपसाठी एकूण 16 विजय लागतात.

खेळाडू मिळवायला आयपीएलसारखा लिलाव नसतो. तरुण खेळाडू ड्राफ्टमधून, म्हणजे संघांनी पाळीपाळीने केलेल्या निवडीतून येतात, बाकीचे अदलाबदलीतून किंवा करार संपल्यावर खुल्या बाजारातून. संघाच्या एकूण पगाराला कमाल मर्यादा असते. 2018-19साठी ती 7 कोटी 95 लाख डॉलर होती. मर्यादा सगळ्यांना सारखीच, त्यामुळे एखादी चूक वर पैसे ओतून झाकता येत नाही.

बर्फावर एका वेळी पाच खेळाडू आणि गोलरक्षक असतात. सामन्यासाठी 18 खेळाडू आणि 2 गोलरक्षक तयार ठेवतात. साधारण वाटणी अशी: 12 आक्रमक तीन-तीनच्या चार फळ्यांमध्ये, 6 बचावपटू दोन-दोनच्या तीन जोड्यांमध्ये. एक शिफ्ट, म्हणजे बर्फावरची एक पाळी, 40 ते 45 सेकंदांची. त्याहून जास्त वेळ पूर्ण जोराने स्केटिंग करता येत नाही, आणि ज्या संघाची शिफ्ट लांबते त्याच्यावर गोल होतात.

जुलै 2018: मधली जागा

2017-18चा हंगाम ब्लूजने 94 गुणांवर संपवला आणि एका गुणाने बाद फेरी हुकली. शेवटच्या दिवशी कोलोरॅडोने त्यांना हरवलं आणि 95 गुणांवर तोच संघ आत गेला. त्याआधी फेब्रुवारीत व्यवस्थापक डग आर्मस्ट्राँग यांनी आपला अनुभवी सेंटर पॉल स्टॅस्नीला विनिपेगकडे देऊन बदल्यात पहिल्या फेरीचा ड्राफ्ट हक्क घेतला होता. संघाकडे व्लादिमिर तारासेन्कोसारखा हमखास गोल करणारा विंगर, म्हणजे बाजूचा आक्रमक, होता, अ‍ॅलेक्स पिएट्रान्जेलो आणि कोल्टन पारायको हे मोठे बचावपटू होते. पोकळी मधोमध होती. आइस हॉकीत सेंटर म्हणजे मधला आक्रमक फेसऑफ (पंचाने टाकलेल्या पकसाठी दोघांची झटापट) घेतो, बचावात सर्वांत खाली उतरतो आणि पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, वर घेऊन जातो. ती जागा कच्ची असली की बाजूच्या चांगल्या खेळाडूंपर्यंत पक पोचतच नाही.

1 जुलै 2018 रोजी आर्मस्ट्राँगनी बफलो सेबर्सकडून रायन ओरायलीला आणलं. बदल्यात दिलं ते बरंच होतं: पॅट्रिक बर्गलुंड, व्लादिमिर सोबोत्का, तरुण टेज थॉम्पसन, 2019चा पहिल्या फेरीचा आणि 2021चा दुसऱ्या फेरीचा ड्राफ्ट हक्क. शिवाय त्याच दिवशी देय असलेला ओरायलीचा 75 लाख डॉलरचा बोनसही सेंट लुईसने भरला. पहिल्या फेरीच्या हक्काला त्यांनी एक अट घातली होती. तो हक्क पहिल्या दहात आला तर तो स्वतःकडे ठेवून बफलोला पुढच्या वर्षीचा द्यायची मुभा. जानेवारीत संघ तळाला असताना ही एक ओळ फार मोलाची ठरू शकली असती.

त्याच दिवसांत टायलर बोझॅक (3 वर्षं, दीड कोटी डॉलर) हा आणखी एक सेंटर आणि डेव्हिड पेरॉन (4 वर्षं, 1 कोटी 60 लाख) हा विंगर आला. सेंट लुईसचाच मुलगा पॅट मारून साडेसतरा लाखांवर एका वर्षासाठी परतला. दुय्यम गोलरक्षक कार्टर हटन बफलोला गेला आणि त्याच्या जागी चॅड जॉन्सन आला, तोही साडेसतरा लाखांवर.

त्या उन्हाळ्यातली सगळ्यात कमी चर्चा झालेली आणि सगळ्यात जास्त दुखलेली चाल हीच शेवटची. मधल्या फळीवर एवढा खर्च केल्यावर गोलरक्षणात काटकसर झाली. मुख्य गोलरक्षक जेक अ‍ॅलन चांगल्या आणि वाईट काळांत हेलकावणारा, आणि त्याच्या मागे उभा असलेला पर्याय कमकुवत.

शरद ऋतू: काय बिघडलं

19 सामन्यांत 7-9-3. 19 नोव्हेंबरला घरच्या मैदानावर लॉस एंजेलिसकडून 2-0 असा पराभव झाला आणि त्याच रात्री प्रशिक्षक माइक यो यांना काढलं. सहायक असलेले क्रेग बेरुबे हंगामी प्रशिक्षक झाले. बेरुबे स्वतः एनएचएलमध्ये 1,000हून जास्त सामने खेळलेले, दांडगाईसाठी ओळखले जाणारे विंगर. त्याआधी दोन हंगाम त्यांनी फिलाडेल्फियाला प्रशिक्षण दिलं होतं.

नव्या सेंटरमुळे फळ्या पूर्ण बदलल्या होत्या, आणि नव्या फळ्यांना एकमेकांच्या जागा डोळे मिटून कळायला वेळ लागतो. तोवर प्रत्येक जण अर्धा सेकंद थांबतो, पक हातचा जातो आणि उलट हल्ला होतो. असा उलटा हल्ला चांगला गोलरक्षक बऱ्याचदा पोटात घालतो. सेंट लुईसचे गोलरक्षक तो पोटात घालत नव्हते. लवकर एक सहज अडवता येण्यासारखा गोल झाला की बचावपटू घाबरून खाली सरकतात, आपल्या बचावक्षेत्राच्या सीमेची निळी रेषा सोडतात, प्रतिस्पर्ध्याला आत येणं सोपं होतं आणि आणखी फटके येतात. एका जागची गळती अशी सगळ्या रचनेत पसरते, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की संघात जीवच नाही.

10 डिसेंबरच्या सरावात झॅक सॅनफर्ड आणि रॉबर्ट बोर्तुझ्झो यांच्यात हाणामारी झाली आणि तिचं चित्रण सगळीकडे फिरलं. फुटलेल्या संघाचा पुरावा म्हणून ते दाखवलं गेलं. त्याच सुमारास जॉन्सनला वेव्हर्सवर टाकलं, म्हणजे कुणीही घेऊन जा अशा यादीत. अ‍ॅनाहाइमने त्याला उचललं. जॉन्सनची सेंट लुईसमधली नोंद 2-6, बचावाची टक्केवारी, म्हणजे आलेल्या फटक्यांपैकी अडवलेल्यांचं प्रमाण, .884. त्याच्या जागी सॅन अँटोनिओच्या दुय्यम संघातून जॉर्डन बिनिंग्टन वर आला. आल्यावर जवळपास महिनाभर तो बाकावर होता.

बेरुबेंनी बर्फावर काय बदललं

बेरुबे आल्यापासून 2 जानेवारीपर्यंत संघ 18 सामने खेळला: 8-9-1, म्हणजे 17 गुण. यो यांच्या 19 सामन्यांतही 17च गुण होते. नुसता प्रशिक्षक बदलून निकाल हलतो असं मानणाऱ्यांनी हे दोन आकडे एकाखाली एक लिहून पाहावेत. बदल मात्र सुरू झाला होता. तो खेळात दिसत होता, गुणांत नव्हता.

बेरुबेंची पद्धत सरळ: पक पुढे न्या, आडवे पास कमी करा, प्रतिस्पर्ध्याच्या गोलामागे खेळ खेळवा. यातलं मुख्य हत्यार म्हणजे पक आत मारून त्यावर धावणं. ते नीट करायचं तर क्रम असा.

पक घेतलेला खेळाडू आधी मधली लाल रेषा ओलांडतो आणि मग पक कोपऱ्यात मारतो. रेषेआधी मारला तर आइसिंग हा नियमभंग होतो. फेसऑफ स्वतःच्या गोलाजवळ येतो आणि थकलेल्या पाचांना बदली घेता येत नाही. पक कोपऱ्यात गेला की पहिला आक्रमक पक घ्यायला गेलेल्या बचावपटूवर जातो, पण सरळ नाही. तो असा कोन धरतो की बचावपटूला वळायला एकच बाजू उरते, भिंतीची. दुसरा आक्रमक नेमका त्या भिंतीवर उभा राहतो, कारण घाईतला पास तिथेच येणार असतो. तिसरा वर, वर्तुळांच्या माथ्याशी थांबतो. त्याचं पहिलं काम गोल करणं नसून परतीची वाट राखणं हे असतं. तो वर आहे हे दिसलं तरच निळ्या रेषेवरचा बचावपटू भिंतीकडे सरसावून सुटणारा पक अडवू शकतो.

ही साखळी बहुतेक वेळा तिसऱ्यापाशी तुटते. पक समोर लोळताना दिसतो, तोही खाली धावतो, पक निसटतो आणि समोरचे तिघं दोघा बचावपटूंवर चालून येतात. दुसरी नेहमीची चूक बदलीची. पक समोरच्या कोपऱ्यात खोल असतानाच बाहेर यायचं असतं. मधल्या सत्रात संघ बाजू बदलतात, त्यामुळे आपला बाक आपल्या बचावापासून लांब पडतो. तेव्हा उशिरा बदली घेतली की थकलेले पाच जण आत अडकतात.

ही पद्धत मोठ्या, जड बचावपटूंना आणि कष्टाळू सेंटरना शोभते. सेंट लुईसकडे जुलैपासून नेमके असेच खेळाडू होते. ओरायलीने सगळे 82 सामने खेळून 28 गोल आणि 49 असिस्ट (गोलाआधीचे पास) केले आणि फेसऑफच्या वर्तुळात तो लीगमधल्या अव्वल खेळाडूंत होता. उत्कृष्ट बचावात्मक आक्रमकाची सेल्की ट्रॉफी त्या वर्षी त्यालाच मिळाली. या पद्धतीत चार फळ्या जवळपास सारख्या वेळ खेळवता येतात. अलेक्झांडर स्टीन हा जुना, मोठ्या करारावरचा खेळाडू चौथ्या फळीत गेला आणि ऑस्कर सुंडक्विस्ट, इव्हान बार्बाशेव्ह यांच्या जोडीने तिथे राबला. अशा बदलाला ज्येष्ठ खेळाडूने मनापासून होकार देणं किती दुर्मीळ आहे हे या खेळात मुरलेल्या माणसालाच कळतं.

बिनिंग्टन आणि दोन टक्क्यांची किंमत

7 जानेवारीला फिलाडेल्फियात बिनिंग्टनने पहिल्यांदा सुरुवातीपासून सामना खेळला: 3-0, 25 फटके अडवले, एकही गोल नाही. 2011च्या ड्राफ्टमधला 88व्या क्रमांकाचा हा मुलगा साडेसात वर्षं वाट पाहत होता. आदल्या हंगामात ब्लूजचा स्वतःचा दुय्यम संघच नव्हता, म्हणून त्याला बोस्टनच्या दुय्यम संघाकडे, प्रॉव्हिडन्सला, उसना ठेवलं होतं. पुढे कप जिंकला तो त्याच बोस्टनविरुद्ध.

नियमित हंगामातली त्याची नोंद 24-5-1, बचाव .927, सामन्यामागे खाल्लेले गोल 1.89, 5 शटआउट (एकही गोल न खाल्लेले सामने). अ‍ॅलनची पूर्ण हंगामाची टक्केवारी .905. आकडे जवळचे वाटतात, म्हणून गणित करून पाहू. सामन्यात 30 फटके आले तर .927वर 2.19 गोल होतात, .905वर 2.85 आणि जॉन्सनच्या .884वर 3.48. अ‍ॅलन आणि बिनिंग्टन यांच्यातला फरक सामन्यामागे 0.66 गोलांचा, म्हणजे तीन सामन्यांत दोन गोल. 30 सामन्यांत 20 गोल झाले. ढोबळ हिशेबाने सहा गोलांच्या फरकामागे एक विजय धरतात, तेव्हा हे साधारण तीन विजय, सहा-सात गुण.

आता दुसरी बाजू. पहिल्या 37 सामन्यांत सामन्यामागे 0.92 गुण मिळाले, पुढच्या 45 सामन्यांत 30-10-5 म्हणजे 65 गुण, सामन्यामागे 1.44. फरक सुमारे 23 गुणांचा. गोलरक्षकाचे सहा-सात काढले, चॅड जॉन्सनच्या सामन्यांसाठी थोडे वाढवले, तरी निम्म्याहून जास्त गुण उरतात. ते बाकीच्या संघाचे आहेत. सगळं श्रेय एका नव्या गोलरक्षकाला देणं म्हणूनच आम्हाला पटत नाही. थोडं नशीबही त्यात आहे, इतक्या लांब जिंकत जाणाऱ्या प्रत्येक संघात असतं तसं.

तरीही आकड्यात न दिसणारी एक गोष्ट त्याने दिली. बिनिंग्टन पक चांगला हाताळतो. प्रतिस्पर्ध्याने आत मारलेला पक भिंतीवरून गोलामागे फिरत येतो तेव्हा तो बाहेर येऊन थांबवतो आणि बचावपटूसाठी ठेवतो. गोलरेषेमागे गोलरक्षकाला फक्त ट्रॅपेझॉइड नावाच्या आखलेल्या चौकटीतच पकला हात लावता येतो, म्हणून निर्णय क्षणात घ्यावा लागतो. हे जमलं की बचावपटूला पाठमोरं धावत जाऊन धडक खावी लागत नाही, आणि संघाचं बाहेर पडणं दोन सेकंदांनी लवकर सुरू होतं.

23 जानेवारी ते 19 फेब्रुवारी या काळात ब्लूजने सलग 11 सामने जिंकले, क्लबच्या इतिहासातला विक्रम. पेरॉनसारखा खेळाडू दुखापतीने दोन महिने बाहेर असतानाही हे घडलं. त्याला हंगामात 57 सामनेच खेळता आले, त्यातही 46 गुण (खेळाडूचे गुण म्हणजे गोल आणि असिस्ट मिळून).

न घेतलेला निर्णय

डिसेंबरअखेर माध्यमांत तारासेन्को, पिएट्रान्जेलो, पारायको अशी नावं अदलाबदलीसाठी फिरत होती. तळाच्या संघाने मोठे खेळाडू विकून ड्राफ्ट हक्क गोळा करावेत हा रूढ शहाणपणा. तो नेहमी चुकीचा नसतो.

पण तळाचा क्रमांक जरा फसवा होता. ब्लूज तेव्हा 37च सामने खेळले होते, बहुतेक संघांचे त्याहून जास्त झाले होते. गुणांत मागे, पण हातात सामने शिल्लक. पश्चिम गटातून बाद फेरीत शेवटी आलेल्या कोलोरॅडोचे 90 गुण झाले. 34वरून 91 गाठायचे तर 45 सामन्यांत 57 गुण हवे होते, उपलब्ध गुणांच्या 63 टक्के. अवघड, पण चांगला संघ एवढे घेतो. खरा प्रश्न एकच होता: हा संघ चांगला आहे का? आर्मस्ट्राँगनी जुलैत त्याचं उत्तर दिलं होतं आणि पाच महिन्यांच्या निकालांनी ते बदललं नाही.

25 फेब्रुवारीला अदलाबदलीची मुदत संपली. ब्लूजने सहाव्या फेरीचा हक्क देऊन अ‍ॅनाहाइमकडून मायकेल डेल झोटो हा राखीव बचावपटू घेतला, बस. हंगाम 45-28-9वर संपला, 99 गुण, विभागात तिसरा क्रमांक. पहिला नॅशव्हिल 100, दुसरा विनिपेग 99.

चार मालिका

त्या वर्षीची बाद फेरी मुळातच उलथापालथीची. चारही विभागविजेते पहिल्याच फेरीत गेले. 62 सामने जिंकलेल्या टॅम्पा बेला कोलंबसने 4-0 धुतलं. ब्लूजची वाट त्यामुळे काहीशी मोकळी झाली, हे मान्य करायला हवं.

विनिपेगविरुद्ध पहिले पाचही सामने पाहुण्या संघाने जिंकले. पाचव्यात 2-0 पिछाडीवरून बरोबरी साधल्यावर जेडन श्वार्ट्झने 15 सेकंद उरले असताना गोल केला, सहाव्यात त्याचीच हॅटट्रिक, 3-2. नियमित हंगामात अवघे 11 गोल करणाऱ्या श्वार्ट्झने बाद फेरीत 12 केले. वर्षभर मारलेले फटके आत गेले नव्हते, ते इथे गेले.

डॅलसविरुद्ध 3-2 मागे पडून सहावा सामना त्यांच्या घरी 4-1 जिंकला. सातव्यात बेन बिशपने 52 फटके अडवले. दुसऱ्या जादा सत्रात 19 वर्षांच्या रॉबर्ट थॉमसचा फटका खांबाला आणि मग बिशपला लागून गोलतोंडाशी पडला आणि मारूनने तो आत ढकलला. साडेसतरा लाखांच्या करारावरचा घरचा मुलगा, घरच्या मैदानावर.

सॅन होजेविरुद्ध तिसरा सामना अन्यायाचा. जादा वेळेत टिमो मायरने हाताने पक पुढे ढकलला, गुस्ताव निक्विस्टने तो एरिक कार्लसनला दिला आणि गोल झाला, 5-4. हाताने पास देऊन गोल करणं नियमबाह्य, पण पंचांना दिसलं नाही आणि तेव्हाच्या नियमांत त्याची फेरतपासणी करता येत नव्हती. पुढच्या हंगामापासून नियम बदलला. बेरुबेंनी तक्रारीला हवा दिली नाही. पुढचे तीन सामने ब्लूजने 2-1, 5-0, 5-1 असे जिंकले. तीन सामन्यांत मिळून गोल 12-2.

अंतिम फेरीत ब्लूजचा इतिहास 1968, 1969 आणि 1970चा: तिन्ही वेळा 4-0 पराभव, बारापैकी एकही सामना नाही. बोस्टनविरुद्ध पहिला सामनाही गेला, म्हणजे तेरा. दुसऱ्यात कार्ल गुनारसनने जादा वेळेत निळ्या रेषेकडून फटका मारला आणि क्लबला अंतिम फेरीतला पहिला विजय मिळाला.

तिसरा सामना 7-2 हरला, आणि शिकण्यासारखा आहे. बोस्टनने चार पॉवर प्लेमध्ये (समोरचा खेळाडू शिक्षेवर असल्याने एक खेळाडू जास्त असताना) चार फटके मारले आणि चारही गोल झाले. पाच गोल खाल्लेल्या बिनिंग्टनला बाहेर काढलं. पाच विरुद्ध पाचच्या खेळात दोन्ही संघांत फार अंतर नव्हतं, मार खाल्ला तो शिक्षेच्या बाकावर बसून. जड खेळाची ही ठरलेली किंमत: धडक अर्धा सेकंद उशिरा बसली की दोन मिनिटं जातात. सुंडक्विस्ट तर आधीच्या सामन्यातल्या धडकेमुळे एका सामन्यासाठी निलंबित होता. चौथ्या सामन्यात ब्लूजने काठ्या आवरून शिक्षा टाळल्या, ओरायलीने 43व्या सेकंदाला गोल केला, 4-2.

सबंध बाद फेरीत ब्लूजची परगावची नोंद 10-3, घरची 6-7. उलटं वाटेल, पण कारण वर आलंय. घरच्या संघाला शेवटची बदली घ्यायचा हक्क असतो, म्हणजे समोरच्याची फळी पाहून आपली उतरवता येते. चारही फळ्या विश्वासाच्या असल्या की परगावी तो हक्क नसल्याचं नुकसान फारसं होत नाही. पराभवानंतरच्या सामन्यांत नोंद 8-2.

12 जून: सातवा सामना

पहिल्या सत्रात बोस्टनचे फटके 12, ब्लूजचे 4. त्या वीस मिनिटांत बोस्टन एक-दोन गोलांनी पुढे असायला हवा होता. बिनिंग्टनने बाराही अडवले. सत्राची 16 मिनिटं 47 सेकंद झाली असताना जे बोमीस्टरच्या फटक्याला ओरायलीने वाटेत काठी लावली, 1-0. ओरायली तेव्हा फुटलेल्या बरगडीने खेळत होता.

सत्र संपायला आठ सेकंद असताना जे झालं ते बदलीच्या शिस्तीचा धडा म्हणून कुठल्याही प्रशिक्षणात दाखवावं. ब्लूज पक घेऊन वर येत होते आणि बोस्टनचा ब्रॅड मार्शंड नेमका तेव्हा बदलीसाठी बाकाकडे वळला. त्याने सोडलेल्या जागेत पिएट्रान्जेलो निळ्या रेषेवरून मोकळा आत शिरला. श्वार्ट्झने पक दिला, पिएट्रान्जेलोने तो क्षणभर धरून काठीच्या उलट्या बाजूने वर उचलला. 2-0. चार फटके, दोन गोल.

तिसऱ्या सत्रात योआकिम नॉर्डस्ट्रॉमचा अगदी जवळून आलेला फटका बिनिंग्टनने पाय पसरून पॅडने अडवला. तो गेला असता तर 2-1 झालं असतं आणि घरचं मैदान पेटलं असतं. थोड्याच वेळात ब्रेडन शेनने 3-0 केलं. चौथा गोल सॅनफर्डचा. डिसेंबरच्या सरावातल्या हाणामारीतला हाच तो सॅनफर्ड, जो सुंडक्विस्टच्या निलंबनामुळे अंतिम फेरीत आत आला आणि मग टिकला. शेवटी 4-1, बिनिंग्टनचे 32 बचाव. एका बाद फेरीत 16 सामने जिंकणारा तो पहिला नवखा गोलरक्षक. ओरायलीने अंतिम फेरीच्या सलग चार सामन्यांत गोल केले. 1985मध्ये वेन ग्रेट्झकीने केल्यावर असं करणारा तो पहिलाच. 26 सामन्यांत 23 गुण घेऊन बाद फेरीतल्या सर्वोत्तम खेळाडूची कॉन स्मिथ ट्रॉफीही त्याचीच.

दिलेली किंमत

अट घातलेला तो पहिल्या फेरीचा हक्क शेवटी बफलोला गेला आणि विजेत्या संघाचा असल्याने 31वा, म्हणजे फेरीतला शेवटचा ठरला. सौद्यातला टेज थॉम्पसन मात्र बफलोत मोठा झाला. 2022-23मध्ये त्याने 47 गोल केले. जुलै 2018च्या हिशेबात हे सेंट लुईसच्या खर्चाच्या बाजूला लिहायलाच हवं. बेरुबेंच्या पदापुढचा ‘हंगामी’ शब्द कप जिंकल्यानंतर त्याच महिन्यात निघाला आणि तीन वर्षांचा करार मिळाला. 2020च्या शरद ऋतूत पगाराच्या मर्यादेत बोलणी जमली नाहीत आणि कर्णधार पिएट्रान्जेलो व्हेगासला गेला. ती जागा ब्लूजला भरता आलेली नाही.